कानाआड : सूर ऐकायला शिकताना आपण आपल्याच आड कसे येतो

गाण्याच्या संदर्भात मराठी माणूस 'कान' हा शब्द दोन तऱ्हांनी वापरतो. दुसऱ्याच्या मुलाचा 'कान तयार झाला' असे तो म्हणतो आणि स्वतःविषयी मात्र 'मला कान नाही' असे सांगून मोकळा होतो. पहिल्या प्रयोगात कान ही घडवायची गोष्ट आहे. दुसऱ्यात ती वडिलार्जित जमिनीसारखी आहे, वाट्याला आली तर आली. एकाच घरात, एकाच संध्याकाळी ही दोन्ही वाक्ये ऐकू येतात आणि त्यांतली विसंगती कुणाला खटकत नाही.

मिरजेत गेली सव्वीस वर्षे मी गायनाचा संध्याकाळचा वर्ग घेते. वर्गात शाळकरी मुले असतात, तशीच पन्नाशी ओलांडलेली, बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेली मंडळीही असतात. 'मला कान नाही' हे वाक्य या दुसऱ्या गटाकडून पहिल्याच दिवशी येते. मुलांकडून ते दोन-तीन वर्षांनी येते, आणि मला जास्त काळजी वाटते ती या मुलांच्या वाक्याची. कारण ते घेऊन कुणी जन्मत नाही. मधल्या दोन-तीन वर्षांत ते शिकले जाते. ते कसे शिकले जाते, हा या लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : सूर कानावर पडणे आणि तो कोणता हे कळणे यांच्यामध्ये एक अवघडलेला क्षण असतो. त्या क्षणात काहीच ठाऊक नसते. कान वाढतो तो तिथेच. आणि आपली बहुतेक साधने, सवयी, परीक्षा, इतकेच काय आपले कौतुकसुद्धा, तो क्षण शक्य तितक्या लवकर संपवण्यासाठी राबत असते. कानाला ऐकायचे असते आणि आपण त्याच्या आड उभे असतो.

आधी 'कान नाही' या दाव्याचा निकाल लावू. सूर खरोखरच न कळणारी माणसे असतात. त्या अवस्थेला 'अम्यूझिया' म्हणतात. इझाबेल पेरेट्झ आणि डॉमिनिक वुव्हान यांनी २०१७ मध्ये मोठ्या नमुन्यावरून काढलेले जन्मजात अम्यूझियाचे प्रमाण सुमारे दीड टक्का आहे. त्याआधी २००५ मध्ये लोला कडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना स्वतःविषयी विचारले होते, तेव्हा जवळपास १७ टक्के मुलांनी आपण सुरांच्या बाबतीत बहिरे आहोत असे सांगितले. त्यांतल्या काहींची चाचणी घेतली तेव्हा बहुतेकांचे ऐकणे इतरांसारखेच निघाले. पीटर फोर्ड्रेशर आणि स्टीव्हन ब्राउन यांनी २००७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली : बेसूर गाणाऱ्या बऱ्याच जणांना दोन सुरांतला फरक चांगला कळतो, तो गळ्यातून काढता मात्र येत नाही. म्हणजे कानाच्या नावावर खपवलेली तक्रार अनेकदा कान आणि गळा यांच्यातल्या रस्त्याची असते, आणि तो रस्ता सरावाने बांधता येतो. हे अभ्यास पाश्चात्त्य विद्यार्थ्यांवरचे आहेत आणि त्यांतले आकडे जसेच्या तसे आपल्याला लावणे बरोबर नाही. पण दीड आणि सतरा यांच्यातली दरी वर्गात बसणाऱ्या कुणाही शिक्षकाच्या ओळखीची आहे.

आपल्या संगीतात तर 'कान' या शब्दाचा अर्थ आणखी सोपा आहे. पियानोवरची कोणतीही पट्टी दाबली की तिचे नाव सांगणारी माणसे पाहून आपल्याकडचे लोक उगाच दबून जातात. आपला षड्ज हलता आहे. कुणाचा काळी एकला, कुणाचा पांढरी चारला. आपल्याला ओळखायचे असते ते नाते : हा सूर माझ्या षड्जापासून किती लांब आहे आणि तिथे तो कसा उभा आहे. षड्ज तर तानपुरा अखंड सांगत असतोच. नीट मिळालेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधारही ऐकू येतो, कुणी छेडलेला नसताना. खर्जाची आंदोलनसंख्या १२० धरली तर तिच्या पाचपट, म्हणजे ६०० आंदोलनांचा तो गंधार असतो. तारेतून तो आपोआप निघतो. नवख्याला सांगावे लागते, 'थांब, ऐकू येईल.' काहींना पहिल्या बैठकीत ऐकू येतो, काहींना महिना लागतो. अजून ज्याला तो कधीच ऐकू आला नाही असा विद्यार्थी मला भेटायचा आहे. मात्र महिनाभर थांबायला तयार नसलेले पुष्कळ भेटले.

ज्या गावचे तानपुरे देशभर जातात आणि ज्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, त्या गावात हे लिहिताना जरा संकोच होतो. कारण इथल्याही बहुतेक मुलांच्या घरी तानपुरा म्हणजे फोनमधला तानपुरा. त्यावर माझा आक्षेप फार नाही. आक्षेप आहे तो पेटीवर. पण तोही नेहमीचा नव्हे.

पेटीविरुद्धचा नेहमीचा आक्षेप शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याचे एक टोक आमच्या सांगली-मिरजेतच आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गवयाचे साहाय्य होते. अर्नेस्ट क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याने देवलांचा धागा पुढे नेला आणि श्रुतींची पेटी घडवण्यापर्यंत मजल गेली. पुढे १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथेही श्रुतींचा वाद रंगला. मग रेडिओचे प्रकरण आले. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लिहिले, रवींद्रनाथांनीही ती नको असे कळवले, आणि १९४० मध्ये आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले.

या साऱ्या वादाचा मुद्दा गणिताचा होता आणि गणित खरे आहे. आपली पाठ्यपुस्तके धरतात तसा षड्ज २४० आंदोलनांचा धरला, तर तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधाराशी जुळणारा मध्य सप्तकातला गंधार ३०० आंदोलनांचा येतो. पेटीवरचा गंधार मात्र ३०२.४ च्या आसपास बोलतो. पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर हा फरक सुमारे चौदा भागांचा भरतो. धैवतात तो जवळपास सोळा भागांचा होतो. पंचमात फक्त दोन, म्हणून पंचमाची तक्रार कुणी करत नाही. दरबारीतला झुलणारा कोमल गंधार तर पेटीच्या कोणत्याच पट्टीवर नसतो.

हे सगळे मान्य करूनही मला वाटते की पेटीचे विरोधक आणि समर्थक दोघेही चुकीच्या जागी भांडत राहिले. चौदा भागांचा गंधार ऐकून कान बिघडत असता, तर ज्यांची बोटे आयुष्यभर पेटीवरच होती त्यांचे कान सर्वांत आधी बिघडायला हवे होते. भास्करबुवा बखल्यांच्या गाण्यामागून जाणारे, 'मानापमान'च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे पेटीवालेच होते. अप्पा जळगावकर किंवा तुळशीदास बोरकर गायकाच्या जागेचा माग ज्या तत्परतेने काढत, ते कच्च्या कानाचे काम नव्हे. त्यांच्या बोटांखालचा गंधार तोच होता, ३०२.४ चा.

फरक वेळेचा आहे. साथीदार आधी ऐकतो आणि मग पट्टी दाबतो. गायक कुठे जाणार हे त्याला ठाऊक नसते, आणि क्षणभर का होईना, त्याला त्या अज्ञानात राहावे लागते. विद्यार्थ्याच्या घरी नेमके उलटे घडते. तो आधी पट्टी दाबतो आणि मग तिच्यावर गळा टेकवतो. उत्तर प्रश्नाच्या आधी हजर असते. 'ग' कुठे आहे हे त्याला कधी शोधावेच लागत नाही, कारण तो तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर आहे. असा मुलगा चार वर्षे रोज तासभर पलटे घोकतो, पेटीसह अगदी सुरेल गातो, आणि पेटी बंद केली की दुसऱ्या आवर्तनात खाली उतरतो. मग घरचे म्हणतात, गळा चांगला आहे, कान नाही. कानाला चार वर्षांत कामच दिले नव्हते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

शिकण्याच्या शास्त्रात या गोष्टीची चर्चा झालेली आहे. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये हालचालींच्या शिक्षणावरच्या आधीच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. प्रत्येक प्रयत्नाला 'बरोबर-चूक' असे ताबडतोब सांगत गेले, तर सराव चालू असताना कामगिरी सुधारलेली दिसते. पण सांगणारा बाजूला झाला की ती टिकत नाही. शिकणारा त्या सांगण्यावरच रेलायला शिकलेला असतो. हे संशोधन हातापायांच्या हालचालींचे आहे, गळ्याचे नव्हे. तरी आपल्या रियाजाच्या खोलीत त्याचा पडताळा रोज येतो. पेटी इथे सांगणाऱ्याची भूमिका करते, आणि ती तर प्रयत्नाच्या नंतरही नाही, आधीच सांगते.

सूर मोजणारी फोनमधली साधने याच्याही पुढे गेली आहेत. पडद्यावर काटा हलतो, हिरवा झाला की सूर लागला. इथे ऐकायचे कामच डोळ्याकडे गेले. माझ्याकडच्या एका प्रौढ विद्यार्थ्याने मोठ्या अभिमानाने सांगितले होते की त्यांचा पंचम आता दहापैकी नऊ वेळा हिरवा येतो. फोन उलटा ठेवून गायला सांगितले तेव्हा त्यांनी तीन वेळा गायले आणि तिन्ही वेळा मान वळवून फोनकडे पाहिले. विषय इथेच सोडते. साधने बदलत राहतील, मान वळवायची सवय तीच राहील.

बाहेरची साधने काढून घेतली तरी शिकणारा आतल्या आत एक साधन तयार करतो, आणि तेच मला सगळ्यांत उद्बोधक वाटते. ते म्हणजे पुन्हा पुन्हा षड्जावर येऊन तपासणे. यमनात किंवा भूपात हे झाकून जाते, कारण तिथे षड्जावर विसावणे शोभते. मारवा शिकवायला घेतला की ते उघडे पडते. मारव्यात रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. पंचम नाही म्हणून तानपुऱ्याची पहिली तार बहुधा निषादात मिळवतात. रागाचा सगळा जीव रिषभ आणि धैवत यांच्या ओढाताणीत असतो, आणि षड्ज फार थोडा लावायचा असतो, टाळत टाळत, ऐकणाऱ्याला त्याची तहान लागेल इतक्या उशिरा. सूर्यास्ताच्या वेळची जी बेचैनी या रागाला चिकटलेली आहे, ती या दूर राहण्यातून येते.

नेमके हेच घाबरलेल्या विद्यार्थ्याला सहन होत नाही. रिषभावर तो दोन क्षण थांबतो आणि त्याला वाटू लागते की आपण भरकटलो. मग तो षड्जाला शिवून येतो. पुन्हा रिषभ, पुन्हा षड्ज. दोन मिनिटांत मारवा संपतो आणि कोमल रिषभाचा एखादा अनोळखी पलटा उरतो. गंमत अशी की त्या दोन मिनिटांत तानपुरा एकदाही थांबलेला नसतो. जो षड्ज तपासायला विद्यार्थी परत येतो, तो त्याच्या पाठीशीच वाजत असतो. षड्ज ऐकू येत नाही म्हणून तो परतत नाही. ऐकू येणाऱ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा गळ्याने खात्री करून घेणे त्याला सुरक्षित वाटते. आणि जितक्या वेळा तो खात्री करून घेतो, तितक्या वेळा तो स्वतःच्या कानाला एकच गोष्ट शिकवतो : तुझ्यावर विसंबून चालणार नाही. इतर कोणत्याही रागापेक्षा मारवा कानाची परीक्षा अधिक घेतो असे जे गवई म्हणतात, त्याचे कारण मला केवळ त्याच्या स्वरांत दिसत नाही. तो परत यायची मुभा देत नाही, हे मोठे कारण आहे.

रसिकांच्या बाबतीत हीच घाई रागाचे नाव सांगण्याच्या रूपात दिसते. मैफल सुरू होते, गायकाने दोन-तीन स्वर लावलेले असतात आणि तिसऱ्या रांगेतून कुजबुज येते, 'देसकार.' कुजबुजणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरते आणि त्यानंतर तो ऐकतो ते देसकार, गायक जे गातो आहे ते नव्हे. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच आहेत : सा रे ग प ध. भूपात गंधाराला मान, देसकारात धैवताला. भूप खालच्या अंगाने खुलतो, देसकार वरच्या. ही वाक्ये पाठ असलेला माणूस नाव लवकर सांगू शकतो. पण देसकाराचा धैवत भूपाच्या धैवतापेक्षा किती वेगळा उभा राहतो, रिषभावर गायक किती कमी रेंगाळतो, हे कळायला नाव न ठेवता बराच वेळ बसावे लागते. नाव चुकले तर फार बिघडत नाही. फार लवकर बरोबर आले, तर मात्र ऐकणे तिथेच थांबण्याचा धोका असतो.

आपल्या परीक्षापद्धतीने या घाईला प्रतिष्ठा दिली आहे. 'दिलेल्या स्वरसमूहावरून राग ओळखा' हा प्रश्न वर्षानुवर्षे लेखी विचारला जातो. कागदावरचे स्वरसमूह डोळ्यांनी वाचून, एकही सूर न ऐकता, राग ओळखायचा! त्यात पूर्ण गुण मिळवणारी मुलगी तोंडी परीक्षेत परीक्षकाने 'हाऽ' करून लावलेला एकच स्वर ओळखायला सांगितला की गोंधळते. याचे खापर भातखंड्यांच्या स्वरलिपीवर फोडायची एक पद्धत आहे. ती मला मान्य नाही. 'क्रमिक पुस्तकमालिके'ने शेकडो चिजा वाचवल्या आणि घराण्यांच्या कुलुपातून बाहेर काढल्या. लिपी हे स्मरणाचे साधन आहे. तिला ऐकण्याच्या जागी बसवले ते पुढच्यांनी, सोयीसाठी.

आता कौतुकाकडे येते. साधने आणि परीक्षा यांच्यापेक्षा ते अधिक खोल जाते असे माझे मत आहे.

स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना काही प्रश्न सोडवायला दिले. एका गटाचे प्रश्न सुटण्यासारखे होते. दुसऱ्या गटाचे बरेचसे सुटण्यासारखे नव्हतेच, तरीही 'तुम्ही उत्तम केलेत' असे त्यांना सांगण्यात आले. मग पुढच्या चाचणीआधी दोन औषधांतून एक निवडायला सांगितले : एक बुद्धीला मदत करणारे, दुसरे अडथळा आणणारे. ज्यांना आपण कशामुळे यशस्वी झालो हे कळलेच नव्हते, त्यांच्यातल्या पुरुष विद्यार्थ्यांचा ओढा अडथळ्याच्या औषधाकडे ठळकपणे दिसला. कारण उघड आहे. पुढच्या खेपेला अपयश आले तर औषधाला दोष देता येतो आणि मिळालेले कौतुक शाबूत राहते.

हा प्रयोग वाचल्यावर मला आमच्याकडचे गणेशोत्सवातले कार्यक्रम आठवले. सहा वर्षांची मुलगी एखादे भावगीत गाते, सगळी आळी 'काय सुरेल गळा!' म्हणते, बक्षीस मिळते. तिने काय बरोबर केले हे तिला कुणी सांगत नाही. सांगण्याची गरजही कुणाला वाटत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी ती वर्गात येते तेव्हा तिच्याजवळ जपायला एक कीर्ती असते, पण ती कशावर उभी आहे हे ठाऊक नसते. मग सुरू होतात ती औषधे : 'आज घसा बसलाय', 'ही पट्टी माझी नाही', 'रियाजाला वेळच मिळाला नाही'. शेवटचे बऱ्याचदा खरे असते, पण वेळ का मिळाला नाही हे शोधायला जावे तर तो काढलेलाच नसतो असे दिसते. रियाज करून बेसूर ठरण्यापेक्षा रियाज न करता बेसूर ठरणे स्वस्त पडते. या वाटेवरचे शेवटचे औषध म्हणजे 'मला कान नाही'. ते घेतल्यावर पुढे कसलीच परीक्षा उरत नाही. वरवर ते नम्रतेचे वाक्य वाटते, म्हणून त्याला कुणी हटकत नाही. उलट सगळे धीर देतात आणि विषय मिटतो.

मग जुन्या तालमीत हे सगळे टळत होते का? किशोरी आमोणकरांनी सांगितले आहे की माई, म्हणजे मोगूबाई कुर्डीकर, अस्ताई-अंतरा दोनदाच म्हणून दाखवत, तिसऱ्यांदा नाही. या आठवणीकडे आपण कडक शिस्तीचा नमुना म्हणून पाहतो. मला त्यात कानाची रचना दिसते. तिसऱ्यांदा ऐकायला मिळणार नाही हे ठाऊक असलेला विद्यार्थी पहिल्यांदा जे ऐकतो, ते वेगळेच ऐकणे असते. ध्वनिमुद्रणावर हवे तितके मागे जाता येते, म्हणून पहिल्या खेपेला अर्धेच ऐकले जाते. पण या पद्धतीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. तिच्यातून किशोरीताई निघाल्या हे आपल्याला माहीत आहे. दुसऱ्यांदाही न समजल्याने उठून गेलेल्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत. धाक आणि संदिग्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कानाला दुसरी हवी असते. पहिली तिच्याबरोबर आली पाहिजे असे नाही.

धाकाशिवाय ती संदिग्धता वर्गात आणायचा सगळ्यांत चांगला मार्ग मला तानपुरा मिळवण्यात सापडला. शिक्षकाने मिळवून ठेवलेला तानपुरा छेडणे वेगळे आणि मुलांनी तो स्वतः मिळवणे वेगळे. जोडीच्या दोन तारांपासून सुरुवात करायची. दोन्ही एकापाठोपाठ छेडल्या की त्या जुळलेल्या नसतील तर नादात एक लहर येते, 'वँव वँव' अशी. एका तारेची आंदोलने २४० आणि दुसरीची २४२ असतील तर ही लहर सेकंदाला दोनदा येते. २४१ झाली की एकदा. खुंटी किंचित पिळली की लहर संथ होते, किंवा उलट बाजूला पिळली तर वेगवान. इथे कुणी 'बरोबर' म्हणत नाही, काटा हिरवा होत नाही. कुणीकडे पिळायचे हेसुद्धा आधी ठाऊक नसते. पिळून ऐकावे लागते. मग खुंटी सोडून मणी सरकवायचा. लहर इतकी लांबते की आहे की नाही कळेनासे होते, आणि त्या कळेनाशा अवस्थेत मूल श्वास रोखून बसलेले असते. त्यानंतर पंचम, मग खर्ज, मग जवारीचा दोरा.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांनाही हे जमते. माझ्या अनुभवात मोठ्यांपेक्षा लवकर जमते, कारण त्यांना लहर मजेशीर वाटते आणि वेळ जातोय याची खंत नसते. प्रौढ मंडळी पहिल्या मिनिटातच विचारतात, 'झाले का?' या प्रश्नाला उत्तर न देणे मला सर्वांत अवघड जाते. कारण समोरचा माणूस वयाने मोठा असतो, त्याने फी दिलेली असते, आणि 'हो' म्हणायला मला अर्धा सेकंद लागतो. मी त्यांना म्हणते, 'तुम्ही सांगा.' काहींना ते अपमानास्पद वाटते. पेटीसाठीही हाच नियम लावला आहे : आधी तानपुऱ्यावर सूर लावायचा, तो धरायचा, बरोबर की चूक याचा स्वतःशी अंदाज बांधायचा, आणि मगच पट्टी दाबून बघायचे. पट्टी तीच, पेटी तीच, फक्त क्रम उलटा. अंदाज चुकला तरी तो बांधलेला असतो. महिन्याभरात मुले पट्टी दाबायच्या आधीच स्वतःहून सूर सावरताना दिसतात, आणि काही तर पट्टी दाबायला विसरतात.

एक अडचण राहतेच. वर्ग पाऊण तासाचा असतो, मुले सात-आठ असतात, आणि तानपुरा मुलांनी मिळवायचा म्हटले की त्यातली पंधरा-वीस मिनिटे तिथे जातात. प्रवेशिकेच्या अभ्यासक्रमातले राग त्या मिनिटांत बसवायचे असतात. दाराशी थांबलेल्या पालकांना आतून फक्त तारा पिळल्याचा आवाज येतो. गेल्या वर्षी एका आईने विचारले, 'बाई, गाणे कधी सुरू होणार?' आत तिची मुलगी मणी सरकवत होती आणि तिला तो प्रश्न ऐकू गेला नाही. मी त्या बाईंना आत येऊन बसायला सांगितले. त्या बसल्या, लहर ऐकू येते का असे मी विचारल्यावर म्हणाल्या, 'मला कुठला कान!' मुलीने तारा पुन्हा छेडल्या. वर्ग सुटेपर्यंत बाई काही बोलल्या नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात त्या वेळेआधी दहा मिनिटे येऊन बसल्या. त्यांच्या मुलीने त्या वर्षीची परीक्षा दिली नाही. तिचे दोन राग व्हायचे राहिले आहेत.